समन्वयकांवर कडक कारवाई व्हावी

बसा, चहा येतोय तोवर ऐकून घ्या. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं थंड व्हायचं नाही. खाडीतला गाळ आणि मिठागरातली माती हा माझ्या अभ्यासाचा विषय. वीस वर्षं मी माती तपासतेय. पण यंदाच्या मे महिन्यात मी जी माती खाल्ली, तसला नमुना मला आजवर कुठल्या बाटलीत सापडला नव्हता.

आणि आधीच सांगते, मला भयंकर राग आलेला आहे. कुणाचा, ते शेवटी कळेल. मध्येच "जाऊ दे गं" म्हणायचं नाही.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. कॉलेजात मला घरत मॅडम म्हणतात. कॉलेजचं नाव विचारू नका, अजून तिथलाच पगार खाते. राहायला जुईनगरला. घरात मी, नवरा संजय, आणि आई गेल्यापासून माझे बाबा. बाबांचं उभं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलं. जिथे ते खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढायचे, तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले असतात. मीठ तयार व्हायला आलं की मिठागरातलं पाणी तांबूस होतं. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, का होतं हो असं? ते म्हणाले, "मला काय म्हाईत? तू शिक, मंग मला सांग." ते पाणी तांबडं करणारे जिवाणू धुंडाळण्यात माझी वीस वर्षं गेली. शेवटी एकदा बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे किरेच हायत. बरा."

तर पोर्तुगालमध्ये समुद्रकाठी एक प्रयोगशाळा आहे. तिथे मिठागरं अजून चालू आहेत आणि त्या जिवाणूंवरच काम चालतं. तिथल्या प्रोफेसरबाईंनी मला कळवलं, सहा महिने या, जागा आहे, सगळी यंत्रं आहेत. वाचून मी स्वयंपाकघरात नाचले होते. आणि नेमकी त्याच वेळी सरकारी योजना निघाली. 'संशोधक प्रशिक्षण व गतिशीलता सहनिधी योजना'. नाव घेताना दोनदा श्वास घ्यावा लागतो. म्हणजे काय, तर संशोधकाने बाहेरच्या प्रयोगशाळेत जाऊन शिकून यायचं, अर्धा खर्च सरकार देणार आणि अर्धा त्याची स्वतःची संस्था देणार. वयाची अट पंचेचाळीस. मला ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आता ह्या अर्ध्या-अर्ध्याचं मला सांगा. तुमच्या सोसायटीत दोन विंगांनी मिळून पाण्याची मोटर घ्यायची ठरली, तर काय होतं? ए विंग म्हणते आधी बी विंगने काढावेत, बी विंग म्हणते ए विंगचे आले की आम्ही आहोतच. आणि माणसं बादल्या घेऊन जिने चढतात. इथे तेच. सरकार म्हणतं, तुमची संस्था अर्धे देणार असं संमतीपत्र आणा, मग आम्ही अर्ज हातात घेऊ. संस्थेचे विश्वस्त म्हणतात, कॉलेजच्या संशोधन कक्षाच्या समन्वयकांनी चार ओळींची शिफारस लिहून दिली की मग आम्ही संमतीपत्राचं बघू. चार ओळी हो. ज्याला मराठी लिहिता येतं असा कुठलाही मनुष्य चहा पिता पिता लिहील.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी फाइल ऑफिसात दिली. एकशे बारा पानं, सगळ्यांवर माझी सही, वर लाल रिबीन. एप्रिल आला तरी हूं नाही की चूं नाही. योजनेच्या पुस्तिकेत पहिलंच वाक्य होतं, 'संशोधकांची गतिशीलता वाढवणे हा योजनेचा मूळ उद्देश होय'. अरे, पोर्तुगाल राहिलं लांब. माझी फाइल पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाईना.

गेले ऑफिसात. तिथे भोईर म्हणून हेडक्लार्क आहेत, आमच्याच बाजूचे, खाडीकाठच्या गावातले. माणूस एकदम शांत. आग लागली तरी आधी आवक रजिस्टरमध्ये नोंद करतील.

"भोईर, माझी फाइल कुठाय?"

"समन्वयकांकडं गेली, मॅडम."

"कधी?"

"तुमी दिली त्याच दिवशी. ही नोंद हाय बघा."

खरंच नोंद होती. 'समन्वयक, संशोधन कक्ष यांना पाठविले.' म्हणजे सातपुते सर. आमच्या कॉलेजात संशोधन कक्ष म्हटलं की सातपुते सर, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत. केमिस्ट्रीचे, अकरा वर्षं तेच समन्वयक. सज्जन, हळू बोलणारे, बोलताना चष्मा पुसणारे. असली माणसं मला तर आधीपासूनच संशयास्पद वाटतात.

स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं. "सर, माझी फाइल महिनाभर तुमच्याकडे पडून आहे."

त्यांनी चष्मा काढला. "माझ्याकडे? माझ्याकडे काही नाही हो."

आता इथे थांबा. तुम्हीही ह्याच राज्यात राहता. तुम्हीही सातबारा, रेशनकार्ड, पेन्शन, कसलीतरी फाइल काढलीच असेल. टेबलामागचा माणूस "माझ्याकडे नाही" म्हणाला, तर त्याचा अर्थ काय होतो? फाइल त्याच्याकडेच आहे, असाच होतो ना? माझ्या पीएच.डी.च्या वेळी एका गृहस्थाने सहा महिने मला "माझ्याकडे नाही" सांगितलं, आणि फाइल निघाली त्याच्या जेवणाच्या डब्याखालून. मुखपृष्ठावर लोणच्याचा डाग होता. त्या दिवसापासून मी ठरवलं, जो नाही म्हणेल त्याला सोडायचं नाही.

सातपुते सर पुढे म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा तुमच्याकडेच..."

"माझ्याकडे बघण्यासारखं काही राहिलेलं नाही, सर. मी एकूण एक कागद जोडलाय. आता तुमची बाजू बघा."

"नाही, मी काय म्हणत होतो..."

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं. तोंडावर. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला. ते पुन्हा चष्मा पुसायला लागले.

घरी रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "तुजा कागुद सुटला का?" मी नाही म्हटलं की त्या अडवणाऱ्याचा उद्धार सुरू. आमच्या बोलीत शिव्या अशा आहेत की त्या लिहायच्या म्हटल्या तर पेन लाजेल. बाबा म्हणायचे, "त्याच्या मिठागरात पानीच नको चरायला." भरतीचं पाणी आत चढलं नाही, तर मीठ कुठलं पिकायचं? रोज ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मे उजाडला. अर्जाची शेवटची तारीख महिनाअखेर, बुधवारी. सुट्टी असली तरी पेपर तपासायला सगळे येतच होते. सातपुते सर दर वर्षी एपीएमसी बाजारातून हापूसची पेटी आणतात आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाला दोन दोन देतात. माझ्यापुढे दोन आंबे ठेवले. मी ते परत सरकवले.

"माझं काम करा, मग आंबे द्या."

"अहो, काम..."

"बाकीच्यांना द्या. मला आंब्यावर विकत घ्यायचं नाही."

हापूस नाकारला मी. मे महिन्यात. यावरून माझा राग कुठवर गेला होता ते समजून घ्या.

मग पुन्हा भोईरांकडे. "त्या समन्वयकाला काही लाज आहे का नाही? एका बाईचं आयुष्य अडकलंय त्या चार ओळींत. असल्या माणसाला खुर्चीवर बसवतंच कोण?"

भोईर आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एवढं लावून घेऊ नका. तुमी मनावर घेतलं ना, तर आज होईल."

"मीच मनावर घ्यायचं का सगळं?"

"मंग कोन घेनार?"

बघा, मला वाटलं हा माणूस मला लढायला सांगतोय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. घरी येऊन संजयला म्हटलं, बास, आता लेखी तक्रार.

संजय सरकारी कचेरीत लिपिक आहे. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या तक्रारींवर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहून त्या पुढे ढकलल्यात. त्यामुळे तक्रार कशी लिहायची हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. मी पहिल्याच ओळीत सातपुते सरांचं नाव लिहिलं होतं. त्याने ते खोडलं.

"नाव कधीही घालायचं नाही. पद घालायचं. माणसावर तक्रार केली की तो अब्रुनुकसानीचं बोलतो. पदावर केली की पद काय बोलणार?"

मला पटलं. मग आम्ही दोघांनी डायनिंग टेबलवर बसून ती तक्रार लिहिली. विषय: समन्वयकांवर कडक कारवाई होणेबाबत. 'सदर पदावरील व्यक्तीस संशोधनाची यत्किंचितही चाड नसून' हे माझं. 'सदर व्यक्ती जाणूनबुजून झोपेचे सोंग घेत असल्याचे निदर्शनास येते' हे त्याचं. शेवटी तीन मागण्या. एक, प्राचार्यांनी फाइल ताब्यात घेऊन ताबडतोब पुढे पाठवावी. दोन, त्या व्यक्तीला पदावरून काढावं. इथवर मी थांबले होते.

संजय म्हणाला, "तिसरी मागणी जड टाक. तीन मागितल्या तर दीड मिळते, हा नियम आहे."

मी विचार केला. एवढा सज्जन माणूस माझी फाइल का दाबतोय? माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याला स्वतःलाच पोर्तुगालला जायचं असणार. म्हणून मी तिसरी लिहिली, ठळक अक्षरात: 'सदर व्यक्तीस चालू वर्षात कोणत्याही सहनिधी योजनेचा लाभ कदापि घेऊ देऊ नये.'

"कदापि छान आहे," संजय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पाठिंब्याच्या सह्या घ्यायला कागद फिरवला. अकरा जणांनी सह्या केल्या. एकानेही वाचलं नाही. एक बाई पेपर तपासता तपासता मान वर न करता सही करून मोकळ्या. मला इतकी चीड आली की विचारू नका. शिकलेली माणसं, दुसऱ्यांना शिकवणारी माणसं, आणि कशावर सही करतोय हेसुद्धा बघत नाहीत.

कागद सातपुते सरांपाशी आला. मी मुद्दामच त्यांच्यापुढे ठेवला, म्हटलं बघू तरी चेहरा कसा होतो. त्यांनी एकट्यानेच तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या मागणीपाशी थांबले. माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, पुन्हा एकदा विचार करा."

"का? घाबरलात?"

"मी कशाला घाबरू? पण तुम्ही..." मग त्यांनी पेन काढलं, आणि सही केली. "धाडस आहे हो तुमचं. माझ्याच्याने झालं नसतं."

स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर स्वतःची सही? मला क्षणभर त्यांची कीव आली. वाटलं, म्हातारा खचला.

चार दिवसांनी ऑफिसातल्या मावशी लिफाफा घेऊन आल्या. वर टाइप केलेलं, 'समन्वयक, संशोधन कक्ष'.

"मावशी, हे सातपुते सरांना द्या."

"भोईर भाऊ बोलले, तुमालाच द्यायचा."

उघडला. 'आपणाविरुद्ध प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने आपण सोमवारी प्राचार्यांसमोर खुलासा सादर करावा.' मला वाटलं, तक्रारदाराला माहितीसाठी प्रत पाठवलीय. किती छान पद्धत. मावशींच्या वहीत पोच म्हणून झरकन सही केली, नोटिशीचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'सापडला लबाड. सोमवारी सुनावणी.' चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या. उरणजवळ मोरा गावात राहणाऱ्या मावसबहिणीने तर पेढ्यांचं चित्र टाकलं.

सोमवारी इस्त्रीची साडी नेसून गेले. पुढे फक्त दोन दिवस होते, पण मला वाटत होतं, आता फाइल सुटेल, उद्या संमतीपत्र, परवा अर्ज. प्राचार्यांच्या केबिनमध्ये प्राचार्यबाई, सातपुते सर आणि लिहून घ्यायला भोईर. प्राचार्यबाई फार कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा समोरच्याला पाणी प्यावंसं वाटतं.

"तक्रारदार कोण?"

"मी."

भोईरांनी लिहिलं.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

मी सातपुते सरांकडे बोट केलं.

प्राचार्यबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "घरत मॅडम, सातपुते सरांनी डिसेंबरमध्ये पद सोडलं. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून. जानेवारीपासून समन्वयक तुम्ही आहात."

"मी? कोण म्हणालं?"

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. जानेवारीतला कार्यालयीन आदेश. चौदा समित्या, प्रत्येकीपुढे नावं. परिसर स्वच्छता समितीत मी. शिस्त समितीत मी. क्रीडा महोत्सव समितीत मी, आणि मला लंगडीसुद्धा धड येत नाही. आणि नवव्या क्रमांकावर, संशोधन कक्ष, समन्वयक: डॉ. घरत. खाली सगळ्यांच्या सह्या. माझी सही तिसरी. तिच्यापुढे माझ्याच अक्षरात, 'वाचले व समजले'.

आता तुम्ही मला दोष देण्याआधी ऐका. जानेवारीत मावशी वही घेऊन येतात, आपण वर्गावर निघालेलो असतो, एका हातात खडू, एका हातात हजेरीपट. मावशी म्हणतात, सही. आपण सही करतो. 'वाचले व समजले' असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. कॉलेजात कुणीही समित्यांची यादी वाचत नाही. वाचली तर कळेल ना, की आपल्या बोकांडी किती आहेत. पण सह्या करणाऱ्या त्या अकरा जणांना मी चार दिवस मनात काय काय म्हणत होते, ते मला त्या केबिनमध्ये शब्दन् शब्द आठवलं.

"मग माझी फाइल?"

"तुमच्या खुर्चीमागच्या हिरव्या कपाटात," भोईर म्हणाले. "ते संशोधन कक्षाचं कपाट हाय. जानेवारीत तुमच्या टेबलामागं हलवलं. मावशी फटीतनं आत सरकवतात. चावी तुमच्या ड्रॉवरमदी पाकिटात दिली होती."

त्या कपाटाच्या मुठीला मी पाच महिने माझी पर्स अडकवत होते. धावत जाऊन उघडलं. आत एकच फाइल. लाल रिबीन. दुसरी नव्हतीच, कारण आमच्या कॉलेजात संशोधनासाठी कुठे जायचंय असं म्हणणारं दुसरं कुणी नाही. जगातला एकच संशोधक अडवायचा होता आणि तो मी बरोबर अडवला होता.

फाइल घेऊन परत आले ती भोईरांवरच घसरले. "तुम्ही मला सरळ सांगितलं का नाही? मी तुमच्यापुढे उभी राहून त्या समन्वयकाला इतकं बोलले."

"मला वाटलं, तुमी सोताला बोलताय," भोईर म्हणाले. "माझा बापूस पन बोलायचा असा. काम अंगावर पडला की सोतालाच शिव्या घालायचा. म्हनून तर बोललो, एवढं लावून घेऊ नका."

मग सातपुते सरांकडे वळले. "आणि सर, तुम्ही?"

"मी दोनदा सांगायला गेलो. एकदा तुम्ही मला चोर म्हणालात, एकदा आंबे परत केलेत. मग ती तक्रार वाचली. म्हटलं, काम वेळेत झालं नाही म्हणून बाई स्वतःवरच कारवाई मागतायत. वर स्वतःचीच योजना स्वतःला नको म्हणतायत. मला फार आदर वाटला, खरं सांगतो."

मी खुर्ची पुढे ओढली. "ठीक आहे. चूक माझी. कागद द्या, आत्ता चार ओळी लिहिते."

"स्वतःची शिफारस स्वतःला करता येत नाही," प्राचार्यबाई म्हणाल्या. "ती मी केली असती. आनंदाने केली असती."

"मग करा ना, मॅडम. बुधवारपर्यंत वेळ आहे."

त्यांनी दुसरा कागद काढला. "तुमचा तक्रारअर्ज भोईरांनी नेहमीप्रमाणे विश्वस्त मंडळाकडे पाठवला. शनिवारी बैठक झाली. तुमच्या तिन्ही मागण्या मंजूर आहेत. एकमताने."

आमचं विश्वस्त मंडळ. ज्याने स्टाफरूमच्या बाथरूमची कडी बसवायला दोन वर्षं घेतली. ज्याच्या प्रत्येक इतिवृत्तात 'पुढील बैठकीत विचार व्हावा' एवढंच असतं. त्यांनी माझी तक्रार एका बैठकीत निकालात काढली. का नाही काढणार? सातपुते सर धरून बारा प्राध्यापकांचा पाठिंबा, मागण्या क्रमवार, भाषा स्पष्ट. आणि तिसरी मागणी मान्य केली की संस्थेला तो अर्धा वाटा द्यावाच लागत नाही. एक विश्वस्त म्हणे बैठकीत म्हणाले, असे अर्ज यायला पाहिजेत. माझा इतका संताप झाला की कान गरम झाले. पण बोलणार कुणाला? 'कदापि' हा शब्दसुद्धा त्यांनी जसाच्या तसा ठरावात घेतला होता.

"ठराव बदलता येईल?"

"पुढची बैठक जुलैत."

आणि शांतपणे, नियमाप्रमाणे, सगळं झालं. मागणी एक: प्राचार्यांनी माझ्यादेखत फाइल ताब्यात घेतली आणि शेरा मारून पुढे पाठवली. भोईरांनी जावक नंबर घातला. मागणी दोन: मला पदावरून काढलं. मागणी तीन तुम्हाला माहीतच आहे. संजय म्हणाला होता, तीनातल्या दीड मिळतात. बावीस वर्षांचा त्याचा अनुभव, आणि मला पूर्ण तीन मिळाल्या.

प्रोफेसरबाईंना मेल लिहायला बसले आणि तासभर बसूनच राहिले. येता येत नाही, हे लिहिलं. का येता येत नाही, हे त्यांना कुठल्या भाषेत सांगायचं? त्यांच्या देशात माणूस स्वतःची फाइल स्वतः अडवू शकतो का, मला माहीत नाही. शेवटी 'काही प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं. आयुष्यभर ज्या शब्दांवर दात खाल्ले, तेच लिहिले आणि पाठवून दिले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते मिठागर मला बघायचं होतं हो. बाबांना व्हिडिओ कॉल करून ते तांबडं पाणी दाखवायचं होतं, एवढंच.

घरात संजयला कळलं होतं. एकदा म्हणाला, "ड्राफ्ट चांगला होता पण." मी लाटणं उचललं तसा बाहेर गेला.

बाबांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ते गॅलरीत बसले होते. मला बघितल्यावर सरसावून बसले.

"काय गो, सापरला का तो कागुद अडवनारा?"

"सापडला, बाबा."

"कॉलेजातलाच हाय?"

"कॉलेजातलाच."

"मंग? शिक्षा केली त्याला?"

"केली. पदावरून काढलं. वर्षभर कुठलीही योजना नाही."

बाबांनी मांडीवर थाप मारली. महिनाभर त्यांना एवढं खूश मी बघितलं नव्हतं.

"बरा झाला. आता तरी अक्कल येल त्याला."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. म्हटलं, "कठीण आहे, बाबा. चव्वेचाळीस वर्षांत आली नाही, ती आता काय येणार?"